चौदावी

(रोम. फोरमच्या प्राचीन अवशेषांमधल्या पुजारणींच्या अंगणात शाळेची सहल थांबली आहे. मॅडम पुढे बोलताहेत. मागे, बिनडोक्याच्या पुतळ्यांपाशी तिघी.)

नोएमी – ये ना, जागा धरलीय तुझ्यासाठी. आणि हा मॉर्तादेल्ला सॉसेज घातलेला पाव. आईनं पहाटे उठून केला, तुझाही.

लुदोविका – बेने, डबा घेऊन आली बघ तुझी बायको!

बेनेदेत्ता – गप गं. नोएमी, तू खा. मी लुदोविकाबरोबर बसते.

नोएमी – बसमध्येही तिच्याचजवळ होतीस. कोलोसियममध्येही. माझं काही चुकलं का?

लुदोविका – सांगून टाक. नाहीतर पँथिऑनपर्यंत शेपटासारखी मागे येईल.

नोएमी – काय सांगायचंय?

बेनेदेत्ता – काही नाही.

लुदोविका – मग मी सांगते. वर्गात आपण एकवीस. दोन तृतीयांश पोरं नसतील तर सहल रद्द. तेराच तयार होते.

नोएमी – माहितीये. चौदावी मी. म्हणून तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लुदोविका – टाळ्या सहलीसाठी होत्या, राणी.

नोएमी – बेने स्वतः म्हणाली, तू नसलीस तर रोमला काय मजा!

लुदोविका – ते मी शिकवलं तिला. तुला कोण पटवणार यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हिची निघाली. रडली होती बिचारी.

नोएमी – बेने?

बेनेदेत्ता – मला बेने नको म्हणूस.

नोएमी – तीन आठवडे रोज माझी वेणी घालत होतीस.

बेनेदेत्ता – सोमवारी संमतीचे कागद द्यायचे होते. शनिवार उजाडला तरी तुझ्या घरच्यांची सही नाही. मी काय करणार?

नोएमी – मी मॅडमना सांगेन.

बेनेदेत्ता – मॅडमच म्हणाल्या होत्या, तिला कुणीतरी जरा जवळ करा.

लुदोविका – चला ना आता, सगळे पुढे गेले. ऊन काय कमी आहे?

नोएमी – थांब. रविवारी मला जेवायला बोलावलंस. तेही त्यासाठीच?

बेनेदेत्ता – ते आईला सुचलं. म्हणाली, एकदा घरी जेवली की नाही म्हणायची नाही.

नोएमी – खोटं आहे. कागद मी सही करूनच आणला होता. दारातच तुझ्या हातात दिला, तुझी आई शेजारीच उभी होती. काम तर तिथंच झालं होतं ना?

बेनेदेत्ता – हो.

नोएमी – मग जेवताना त्यांनी मला लझान्या दोनदा का वाढला? मी नको नको म्हणत होते. गालावरून हात फिरवला माझ्या. ते तरी खरं होतं ना, बेनेदेत्ता?

बेनेदेत्ता – आमच्याकडे नळ दुरुस्त करायला माणूस येतो ना, नोएमी. आई त्यालाही दोनदा वाढते.