करंज्यांसोबतचा एक मोदक

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, आणि मीरा रोडला सिल्व्हर पार्कला आलो तेव्हा आमची वैशू पाच वर्षांची होती. पाणी टँकरचं, पण स्वतःचा ब्लॉक, त्यामुळे मी काय, हवेतच! शेजार सगळा गुजराती, मारवाडी, मुसलमान. म्हटलं, दिवाळीत आपलं ताट यांच्याकडे जाणार, नाव ठेवायला जागा नको.

काय सांगू तुम्हाला, माझी आई करंजीची मुरड बोट फिरवून तपासायची, एक चुणी जाड झाली तरी उकलून परत करायला लावायची, तीच खोड माझ्यात आली. चकलीचा काटा मोडला, बाजूला. करंजीला फोड आला, बाजूला. घरच्यांनी दिवाळीभर ते बाजूचंच खायचं. हे एकदा म्हणाले, अगं, आम्हालाही शेजारी समज की, एक धड करंजी मिळेल. मी हसलेसुद्धा नाही हो.

तर आमच्यात करंज्या झाल्या की शेवटी एक मोदक करतात, करंजीला भाऊ हवा म्हणून. वैशू तेव्हा आठ वर्षांची असेल, म्हणाली, आई, भाऊ मी करते. केला, वाकडा, एका बाजूने पोट सुटलेलं. समोर शेजारच्या हंसाबेन बसलेल्या. मी तो वैशूच्या हातातून घेतला, उकलला आणि नीट केला. हंसाबेन म्हणाल्या, अरे रहने दो ना भाभी, बच्ची है. मी म्हटलं, घी में फूटेगा तो सब खराब होगा. वैशू रडली नाही, काही नाही, हात धुतले आणि बाहेर गेली. त्यानंतर दिवाळीत स्वयंपाकघरात आलीच नाही, किती वर्षं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं, मध्ये लुडबुड नको.

मग ती कॉलेजात गेली त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी जिन्यात पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हटलं, जाऊ दे, विकतचं आणू. वैशू म्हणाली, मी करते, तू नुसतं सांग. मी खुर्चीत बसून बघतेय. पहिली करंजी केली, छान होती हो, खरंच छान, आणि पोरीने ती उकलली. दुसरी केली, उकलली. तिसरी अर्धवट मुरडून खाली ठेवली, म्हणाली, आई, तुझ्यासारखी नाही होत गं. मला तो मोदक आठवला. अगं बाई, काय देऊन बसले मी एवढ्याशा पोरीला! लाज वाटली, फार लाज वाटली.

म्हटलं, पारी दे इकडे. डाव्या हाताने मोदक केला, कसला मोदक, गाठोडंच ते. विचारलं, उकलशील? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मीही तेव्हा उकलायला नको होता, चुकलं माझं. मग रडली ती, तेव्हाचं राहिलेलं. मोदक तुपात फुटला बरं का, सारण जळलं, पुढच्या करंज्यांवर काळे ठिपके, तीच ताटं घरोघर गेली. हंसाबेन म्हणाल्या, भाभी, इस बार घर का लगा.

आता हात बरा आहे. फोड आलेली करंजी दिसली की अजून जीव तळमळतो, सवय कुठे जाते? मग मी झारा वैशूच्या हातात देते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. शेवटी ती आतून हाक मारते, आई, ये गं, भाऊ करायचाय. डाव्या हातानेच करायला लावते, आणि फुटला तर पहिला तुकडा स्वतः खाते. देव तिला सुखात ठेवो.