चकव्याचं उंबर

ऐका. आणि मध्ये कुणी हसायचं नाही. चकवा ठाऊक आहे ना? दिसत नाही, धरत नाही, नुसता वाट चुकवतो. गोल गोल फिरवतो, दमवतो, आणि मग कड्यावरून खाली! सोडतो कधी? पाण्यात पाय पडला की.

तर त्या वैशाखात वाडीत पाणी उरलं नव्हतं. महिन्याभरात वाडी मोडायची, ज्यानं त्यानं आपल्या सोयऱ्यांकडं जायचं, असं ठरलेलं. शेवंता, सुंदरा आणि गुणा, तिघी जिवाभावाच्या मैत्रिणी. गुणा कोण म्हणून काय विचारता? मीच ती, भित्री भागूबाई! शेवंता म्हणाली, "ताटातूट व्हायचीच आहे, तर रविवारी डोंगरावरच्या देवीला जाऊन येऊ. भाकऱ्या बांधू, पोटभर हसू."

हसलो हो, दिवसभर हसलो! उतरताना दिवस मावळला, आणि शेवंताच्या ध्यानात आलं, डबा वरच राहिला. सासूचा पितळी डबा! "थांबा इथंच, ही आले," म्हणून निघाली एकटी. आम्ही अडवायला हवं होतं. नाही अडवलं.

डबा मिळाला. परतताना आडवं आलं एक उंबर. चालली, चालली, पुन्हा उंबर! तिनं पदराची चिंधी फाडून फांदीला बांधली आणि सुटली. पुढ्यात काय? उंबर. चिंधीसकट!

तेवढ्यात मागून हाक. "शेवंते, इकडं ये गं!" माझा आवाज हो, हुबेहूब माझा! मी कुठली हाक मारतेय, मी तर खाली सुंदराला बिलगून बसलेली. शेवंता ओ देणार, तोच तिला आठवलं, भूत तिसरी हाक मारत नाही. दुसरी आली. ही ओठ दाबून उभी. तिसरी? नाहीच!

मग समोर दिवे लागले. आपल्या वाडीचे! धावली बिचारी. पायाखालचा धोंडा निसटला, आणि पडल्याचा आवाजच येईना. कडा! एक पाऊल, एकच पाऊल उरलं होतं!

मागं सरकत सरकत ती उंबराखालीच येऊन बसली. पाणी हवं, पण बाटली कोरडी. तिला रडूच फुटलं. रडता रडता वर बघते तर काय, सगळा डोंगर करपलेला, आणि हे उंबर चांदण्यात पानांनी गच्च! हे पितंय कुठलं?

डब्याच्या झाकणानं उकरायला लागली. नखं फुटली. हातभर खाली माती गार लागली. मग ओली. मग पाणी! तिनं त्यात पाय घातला मात्र, चकवा सुटला. आम्ही दोघी वीस पावलांवर तिच्या नावानं गळा काढून रडत होतो!

चकव्याच्या भीतीनं वाट सोडून त्या अंगाला कुणी फिरकायचंच नाही, मग पाणी दिसणार कुणाला? वाडीनं तिथं खणलं, झरा फुटला. कुणी कुठं गेलं नाही. तुम्ही सगळे त्याच पाण्यावर वाढलात.

शेवंता अजून पहिल्या हंड्यातलं ओंजळभर पाणी उंबराच्या मुळाशी घालते. म्हणते, "चकव्यालाही तहान लागली असेल गं."

तरी सांगते, कातरवेळी त्या वाटेनं एकट्यानं जायचं नाही. जायचंच झालं, तर भरला तांब्या घेऊन जा.