गार हाताचं पान

सभेचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय ओमप्रकाशजी. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आमचे विभागप्रमुख डॉ. दिनकरराव सर, सौ. राजेश्रीवहिनी; सर्व सहकारी आणि सरांना निरोप द्यायला गावोगावहून आलेली मंडळी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

सरांबद्दल चांगलं बोलण्यात आधीच्या वक्त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. सरांचा आवाज, सरांचं अक्षर, सरांचा वक्तशीरपणा, सगळं खरं आहे. मी बोरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेला माणूस. मी फक्त एका लहानशा पुस्तकाबद्दल बोलणार आहे.

आमच्या विभागात नसांची आणि स्नायूंची तपासणी होते. हाताला तारा चिकटवायच्या, हलका झटका द्यायचा आणि नस निरोप किती वेगानं पोचवते ते मोजायचं. तार कुठं लावायची, निरोगी आकडा किती, हे सांगणारं पुस्तक डॉक्टरच्या खिशात असावं लागतं. ते निवडायची वेळ आली तेव्हा आमच्यापुढं दोन पुस्तकं होती. एक निळं, गुळगुळीत, रंगीत चित्रांचं. सरांच्या वर्गमित्रानं लिहिलेलं. दुसरं करड्या पुठ्ठ्याचं, दिसायला गरीब. पण त्याच्या पहिल्याच पानावर होतं: आधी रुग्णाचा हात हातात घ्या, गार असेल तर ऊब द्या, मगच यंत्र सुरू करा. कारण गार हातातली निरोगी नससुद्धा मंद चालते आणि आजारी असल्यासारखी दिसते. निळ्या पुस्तकात हे पान नव्हतं.

बैठकीत मी म्हणालो, "सर, आपली माणसं थंडीत उघड्यावरून येतात. करडं घेऊ."

सर हसले. "व्यंकटी, तू अजून बोरीतच आहेस बघ! तपासणीच्या खोलीत शेकोटी पेटवू का? का हुरडाच भाजतोस?"

सर हजरजबाबी आहेत, हे आपण आज ऐकलंच आहे. निळं पुस्तक आलं.

त्याच हिवाळ्यात मी प्रशिक्षणासाठी बाहेरगावी असताना माझी थोरली बहीण, दैवशालाअक्का, पेडगावहून इथं आली. कापूस वेचून तिची मनगटं दुखत होती. आपल्याकडच्या बायका दवाखान्यात कशा येतात? देवळात आल्यासारख्या. अक्कानं आवारातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासून धुतले. डॉक्टर हात धरणार, त्यांना मळ दिसू नये. जानेवारीतली परभणीची सकाळ आणि रात्रभर गारठलेलं टाकीचं पाणी! त्या हातांना तारा लागल्या. दोन्हीकडची नस मंद निघाली. सरांनी खिशातलं निळं पुस्तक उघडलं, आकडा पाहिला, सही केली. त्या सहीवर उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. अंगठ्याकडे जाणारा बारीक तंतू तीत दुखावला.

मी परतलो तेव्हा डाव्या हाताची तारीख ठरलेली होती. मी तो हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला, ऊब येऊ दिली आणि पुन्हा तपासला. नस ठणठणीत.

अक्का माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मंग उजवाबी चांगलाच व्हता का रे, व्यंकटी?"

सभागृहात पुष्कळ विद्वान बसलेत. कुणी सांगेल का, मी काय उत्तर द्यायला हवं होतं?

आधीची आणि नवी, दोन्ही तपासण्यांचे कागद घेऊन मी सरांकडे गेलो. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "झालं ते झालं. घरचं माणूस असलं की डॉक्टर हळवा होतो. अन् पुस्तकात नाही ते मी कशाला करू?"

मला एकच शब्द हवा होता, सर: 'चुकलं'. तोही माझ्यासाठी नाही, अक्कासाठी. त्याची मी वाट पाहिली. पोखर्णीला जाऊन नृसिंहाच्या पायाशी राग ठेवून यायचो. देवानं तो कधी ठेवून घेतला नाही. मी घरी पोचायच्या आत तो उंबऱ्यावर येऊन बसलेला असायचा. मग मी समजलो, हा आपल्यालाच सांभाळायला दिलाय.

निवृत्तीनंतर सर आपले मानद सल्लागार होणार आणि आज तशी घोषणा होणार, असं सरांनी अनेकांना सांगितलंय. घोषणा आहे. अध्यक्षांनी त्या दोन्ही तपासण्या स्वतः पाहिल्या आणि ही घोषणा करण्याचं काम माझ्यावर सोपवलं. उद्यापासून विभागात करडं पुस्तक वापरलं जाईल. आणि सल्लागाराचं पद भरायचं नाही असं ठरलं आहे. पहिल्या पानानं ती गरज भागते.

कृपया हसू नका. निरोप समारंभ आहे.

शाल अध्यक्षसाहेब पांघरवतील. श्रीफळ देण्यासाठी मी अक्काला बोलावलं आहे. ये अक्का, वर ये. सर, नारळ घेताना दोन्ही हात खाली धरा. तिच्या उजव्या हाताला पकड नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण सगळ्यांनी पोटात घालावं. दिनकरराव सर, ही विनंती तुम्हाला नाही. तुम्ही लक्षात ठेवा.