भीमण्णाचं साल

न्हाई, न्हाई, बाजेकडं नगा जाऊ, हितंच बसा कडब्यावर — आन् हळू बोला, झोपलाय त्यो. व्हय, त्योच भीमण्णा, आमचा सालगडी. तुमी कोहिनूर गावाहून त्याला न्यायला आलाव, मला औरादच्या बाजारातच कळलं. पाडवा आला, साल संपलं, ज्याला त्याला गडी पायजे. पर तुमाला सांगतो, ह्यो कामाचा न्हाई. काल म्हनलो, भीमण्णा, वाळवणाच्या जवारीवर पाखरं बसलेत, हाकल. तर म्हनतो, "अंकुशअण्णा, दिस बुडला की आपसूक जातेत, कामून उगं त्यांचं मन मोडायचं?" मग हाकलली कुणी? मीच की. म्हस कोण पिळतंय? मीच. ह्यो नुसता पडल्या पडल्या आळशी गड्याच्या गोष्टी सांगतो. एका गावात एक गडी, त्याचा एक येडा मालक. मालक म्हनतो, वरण उतू जायलंय का बघ. गडी म्हनतो, उतू गेलं की चूल विझंल, विझली की कळंलच. आन् मालक सोताच पळतो — सगळी गल्ली हसती, सगळ्यात जास्ती मी. इतका येडा मालक जगात असंल का ओ? त्याची म्हस बी एका शिंगाची — व्हय, ती दावणीला हाय ती आमचीच. असतेत की एका शिंगाच्या म्हशी. हसायलाव कामून?

हसा. कळतंय मला. पर गोष्ट अर्धीच हाय. मालक गड्याला काढायला दारापातूर आलाय, आन् भीमण्णा सांगायचा थांबला — "अण्णा, म्होरचं पाडव्यानंतर." गेल्या पाडव्याला बी मालक दारातच हुता. आता काय सांगू — आमची मंडळी गेल्यावर ह्या घरात मानसाचा आवाजच नव्हता. भांडं पडलं तरी बरं वाटायचं. आता ह्यो दिसभर बोलतो, मी राबतो, रातच्याला जेवन जातंय. त्या गप घरात पुन्यांदा मला न्हाई ऱ्हायचं.

चहा? न्हाई, चहा न्हाई ठेवीत, वासानं उठंल त्यो — उठलाच बघा. काय न्हाई रं भीमण्णा, रस्ता चुकल्यालं मानूस हाय, फाटा विचारायलंय. पड तू, आनतो चहा.

जावा की ओ आता. आन् फटफटी हितं चालू करू नगा — ढकलत न्या.