चाचींनी घासलेला मासा

माझी शाळा नववीतच सुटली. तेव्हा शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

मला जुन्या काचेच्या फुलदाण्या जमवायचा नाद आहे. साच्यात दाबून केलेल्या आणि वरून रंगाचा पातळ थर दिलेल्या. उजेडात फिरवल्या की जांभळा, हिरवा, सोनेरी असे रंग पालटतात. त्यातली माशाच्या आकाराची मला कधीच मिळाली नव्हती. ती परवा कोडोलीत माझ्या मित्राच्या, इम्रानच्या आईकडे दिसली. चाचींनी तिच्यात चमचे ठेवले होते. माझी नजर काही तिच्यावरून हलेना.

"पायजे व्हय तुला? ने की," चाची म्हणाल्या. "पर थांब, अशी मळकी कशी देऊ?"

चमचे काढून त्या मोरीवर बसल्या आणि तारेच्या घासणीनं मासा घासायला लागल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "चाची, राहू द्या की."

"लाजतोस काय? घरचाच हाईस."

इम्रान म्हणाला, "अम्मी, त्यो रंगच हाय!"

"कसला रंग? तेलाचा डाग हाय. बघ, निघाला का न्हाय?"

एका बाजूनं मासा साधी पिवळी काच झाला होता. चाचींना दम लागला. त्यांनी तो पदराला पुसून माझ्या हातात दिला. "उरल्यालं घरी घास हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माशात शेवंती ठेवली, रंगाची बाजू भिंतीकडं केली, घासलेली पुढं, आणि फोटो काढून चाचींना पाठवला.