परत धाडलेलं कार्ड

पोस्टाचे दर वाढले की तुमी सरकारला शिव्या देता राव. मी मातर स्वतःलाच देतो.

आमची अक्का डिंभ्याला दिलेली. तिला न्हाई का दाजींना न्हाई, लिवता येत नव्हतं. म्हणून मी माझा बोरीचा पत्ता अन् धाडणार म्हणून तिचा पत्ता घातलेली कोरी कार्डं तिला देऊन ठेवलेली. सगळं बरं असलं तर हळदीचं बोट उठवायचं, मला बोलवायचं असलं तर काजळाचं. वर्षानुवर्षं हळदच आली.

मग कार्डाचा दर वाढला. अक्कानं जुनंच कार्ड तसंच टाकलं. पोस्टमन म्हणाला, "भाऊ, तिकीट कमी हाये. दंड भरावा लागंल."

"हळदीचं बोट बघायला दंड? धाडा परत! म्हंजी तिकीट लावायला शिकंल."

"बघा तरी एकदा."

"त्यात काय बघायचं?"

पंधरा दिवसांनी अक्का गेली. दहाव्याला दाजींनी तेच कार्ड माझ्या हातात दिलं. काजळाचं बोट व्हतं.

"हे परत आलं तवा तिनं इचारलं, भाऊ काय म्हणतोय?"

"मग?"

"मी सांगितलं, निघालाय."