मांगं पाय

तुमाले सांगतो, आमच्या वरूडच्या संत्र्याच्या शेडमंदी एक डाव पुण्याचे साहेब आले, फोर्कलिफ्टपासून कसं जपावं ते शिकवाले. बोलता बोलता तेच फोर्कलिफ्टच्या वाटेत उभे. गजाभाऊ गाडी रिव्हर्स घेऊन राहिला होता, अन् गाडीचा भोंगा बंद. मी बोंबललो, "साहेब, मांगं पाय!"

आमच्याकडं 'पाय' म्हंजे 'पाहा'. साहेबानं एक पाय मांगं टाकला.

"अरे बाप्पा, मांगं पाय!"

त्यायनं दुसराबी टाकला.

गजाभाऊनं करकचून ब्रेक मारला, गाडी वीतभर दूर थांबली. मी म्हटलं, "साहेब, काहून आयकून नाही राहिले?"

"अहो, ऐकलं म्हणूनच तर मागे आलो!"

त्याच दिवशी साहेबानं भोंगा दुरुस्त करून घेतला. म्हणे, "निदान त्याची भाषा तरी मला कळते."